शिरवळचा ळ आणि अशोक केळकरांचा कान

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली एसटी नीरा नदीचा पूल ओलांडते तेव्हा पुणे जिल्हा मागे पडतो. सातारा जिल्ह्यातले, खंडाळा तालुक्यातले पहिलेच मोठे गाव लागते. कंडक्टर घंटीची दोरी ओढतो, दोनदा हाक देतो, ‘शिरवळ, शिरवळ!’ आणि उतरणारे उठतात. रोजची गोष्ट. पण ही हाक एकदा कान देऊन ऐकावी. पाटीवर अक्षरे चार आहेत, शि-र-व-ळ. कंडक्टरच्या तोंडून मात्र ठोके दोनच पडतात, ‘शिर्’ आणि ‘वळ्’. लिहिलेले दोन अकार बोलताना गळून जातात. शेवटच्या अक्षराला जिभेचे टोक मागे वळते, टाळूच्या कमानीला टेकते, हवा जिभेच्या दोन्ही कडांनी निघून जाते आणि जीभ झटक्यात सुटते. हा झाला ळ. शिरवळच्या लहान पोराला ही कसरत कुणी शिकवलेली नसते. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र ती महिनोन् महिने जमत नाही. मोबाइलवरच्या नकाशातला आवाज तर गावाला सरळ ‘शिरवल’ करून टाकतो.

अशोक रामचंद्र केळकर यांचे लेखन पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना आहे. केळकर पुण्याचे, २२ एप्रिल १९२९ रोजी तिथेच त्यांचा जन्म झाला. तरी त्यांची ओळख शिरवळच्या स्टँडवरून करून देण्यात काही वावगे नाही, कारण रोमन लिपीत ‘शिरवळ’ आणि ‘केळकर’ या दोन्ही नावांचे नुकसान सारखेच होते. दोन्हींतला ळ हरवतो. जे कानाला ऐकू येते आणि जे कागदावर उतरते त्यांच्यातले अंतर मोजणे, ते अंतर का पडले हे शोधणे आणि मोजताना कुणाच्याही बोलण्याला कमी न लेखणे, या कामात केळकरांनी आयुष्य घातले. मराठीत भाषेवर मते मांडणारे खूप झाले, भाषा आधी ऐकणारे फार थोडे. केळकर त्या थोड्यांत पहिल्या रांगेत बसतात.

ध्वनिविज्ञान हा शब्द जड वाटतो, पण त्याची पहिली पाने आपण सगळेच शाळेत पाठ करून आलो आहोत. क ख ग घ ङ, मग च, मग ट, मग त, मग प. हा क्रम घशाकडून ओठांकडे येतो. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ अशी एकेका ठिकाणाची एकेक रांग आहे. प्रत्येक रांगेत आधी अघोष, मग घोष, मधून महाप्राण, शेवटी अनुनासिक. वेदांच्या उच्चारांवरचे जुने शिक्षाग्रंथ आणि प्रातिशाख्ये लिहिणाऱ्यांनी कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ स्वतःच्या तोंडाकडे लक्ष देऊन ही मांडणी केली. युरोपातल्या विद्वानांना अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संस्कृतची ओळख झाली, तेव्हा त्यांच्या ध्वनिविचाराला या मांडणीने मोठी चालना दिली. म्हणजे वर्णमाला हे उच्चारांचे कोष्टकच आहे, आणि ते पहिलीच्या वर्गात भिंतीवर टांगलेले असते.

त्या कोष्टकाच्या अगदी तळाशी, क्ष आणि ज्ञ यांच्या शेजारी, ळ उभा असतो. त्याला रांग नाही, आणि मराठीतला कोणताही शब्द त्याच्यापासून सुरू होत नाही. तरी तो काढून टाकला तर मराठीचा संसार विस्कटेल. काल आणि काळ, गाल आणि गाळ, चाल आणि चाळ, माल आणि माळ, वेल आणि वेळ, मूल आणि मूळ. बाकी सगळे तसेच, फक्त ल-ळ बदलला की अर्थ बदलला. अशा जोड्या सापडल्या की भाषाशास्त्रज्ञ म्हणतात, हे दोन वेगळे ध्वनी या भाषेत वेगळे काम करतात. यांना स्वतंत्र ‘स्वनिम’ म्हणा.

ळ आला कुठून, याची हकीकत तर गोष्टीसारखी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या सूक्ताच्या पहिल्याच ऋचेत ळ आहे. नंतरच्या अभिजात संस्कृतातून तो नाहीसा झाला. मराठीत तो वेगळ्या वाटेने नांदायला आला. दोन स्वरांच्या मध्ये एकेरी ल असेल तर मराठीत त्याचा ळ झाला, आणि प्राकृतात जोडलेला ल्ल असेल तर त्याचा साधा ल उरला. म्हणून संस्कृत ‘फल’चे आपण फळ केले, पण ‘फुल्ल’चे फूल झाले. ‘काल’ म्हणजे समय, त्याचा झाला काळ. ‘कल्य’चे प्राकृतात ‘कल्ल’ होऊन त्याचा झाला आपला काल, आजच्या आदला दिवस. एकाच ताटातल्या फुला-फळांत दोन हजार वर्षांचा उच्चाराचा इतिहास असा जपून ठेवलेला आहे. ज्यूल ब्लॉख या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर १९२०मध्ये पॅरिसहून ग्रंथ काढला आणि असे नियम शिस्तीने मांडले. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१मध्ये मराठीत आणला.

केळकर घडले ते या पार्श्वभूमीवर. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३४ साली बंद पडले होते, ते १९३९मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उभे राहिले. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या नेतृत्वाखाली तिथे भाषाशास्त्राची गादी जमली. १९५४पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने तिथे भाषाशास्त्राच्या शाळा भरू लागल्या, अमेरिकेतून अध्यापक आले, इथले तरुण तिकडे गेले. तोवर आपल्याकडे भाषाभ्यास म्हणजे मुख्यतः व्युत्पत्ती आणि जुन्या पोथ्या. आज, या घडीला, समोरचा माणूस जे बोलतो आहे त्याचे शास्त्र असते, ही गोष्ट या शाळांनी रुजवली. त्याच सुमारास, १९५५मध्ये, ना. गो. कालेलकर यांचे ‘ध्वनिविचार’ प्रसिद्ध झाले आणि उच्चारांच्या शास्त्रावर मराठीत नेटका ग्रंथ मिळाला. कालेलकरांचे नाव इथे शिरवळकरांसाठी आणखी एका कारणाने घ्यायला हवे. खंबाटकी घाट ओलांडून पलीकडे उतरले की वाई. तिथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, आणि त्या खंडांत भाषांवरच्या कितीतरी नोंदींखाली कालेलकरांचे नाव आहे. ज्यांना ध्वनिशास्त्राची गोडी लागेल त्यांनी त्या नोंदी जरूर पाहाव्यात. इतके स्वच्छ शास्त्रीय मराठी आज क्वचित वाचायला मिळते.

केळकर अमेरिकेत गेले ते कॉर्नेल विद्यापीठात. चार्ल्स हॉकेट यांच्यासारखा भाषावैज्ञानिक त्या काळी तिथे शिकवत होता. १९५८मध्ये केळकरांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता मराठीची स्वनव्यवस्था आणि पदव्यवस्था, म्हणजे मराठीत कोणते ध्वनी आहेत, ते एकमेकांशी कसे वागतात आणि त्यांतून शब्दांची रूपे कशी घडतात. पुढच्या काळात मराठीच्या उच्चारांवर ज्यांनी गंभीर काम केले, त्यांना या प्रबंधाला वळसा घालून जाता आले नाही.

या अभ्यासात नेमके काय असते, ते शिरवळच्या नावावरच करून पाहता येईल. वाचकाने पुढचे तीन शब्द मोठ्याने म्हणावेत: शिरवळचा, शिरवळची, शिरवळच्या. लिहिताना तिन्हींत च एकच. पण ‘शिरवळचा बाजार’ म्हणताना जीभ दातांच्या मागे टेकते आणि त्स-सारखा ध्वनी निघतो. ‘शिरवळची शाळा’ म्हणताना तीच जीभ मागे सरकून टाळूला लागते. ई, ए आणि य यांच्या आधी तालव्य च, इतरत्र दंततालव्य, असा हा जुना नियम. ज आणि झ यांनाही तोच: जुना-जिना, माझा-माझी. मग गंमत अशी की लेखी मराठीत ‘शिरवळचे पाणी’ असे तालव्य च घेऊन येणारे रूप गावात ‘शिरवळचं पाणी’ होते आणि च पुन्हा दातांकडे धावतो. एका प्रत्ययाच्या एका अक्षरात इतकी हालचाल चालते आणि बोलणाऱ्याला तिचा पत्ता नसतो.

नियम इतका सरळ असता तर दोन्ही च एकाच ध्वनीची दोन रूपे म्हणून भागले असते. पण मराठीत ‘चार’ हा आकडा तालव्य आहे आणि ‘गुरं चार’ यातला ‘चार’ दंततालव्य. संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द तालव्य उच्चार धरून आले, त्यामुळे ‘जरा थांब’ यातला ‘जरा’ वेगळा आणि ‘जराजर्जर’ यातली ‘जरा’ वेगळी. लिपीने हा भेद कधी दाखवला नाही. परप्रांतातून आलेला, पुस्तकावरून मराठी शिकणारा माणूस इथे हमखास अडखळतो, आणि दोष त्याचा नसतो.

उलट, काही ठिकाणी लिपीने फार बारीक कान दाखवला आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. एक पीठावर बसणारे, दुसरे भटारखान्यात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. पहिल्यात र आधीच्या अक्षरावर जोर टाकतो, दुसऱ्यात टाकत नाही, आणि त्यासाठी मराठीने वेगळी खूण ठेवली. व्ह, म्ह, न्ह, ल्ह हे हकारयुक्त ध्वनीही असेच: म्हैस, न्हाणी, कोल्हा. त्यांचा उपयोग पुढे भलत्याच ठिकाणी झाला. इंग्रजीत दोन वेगळे ‘व’ आहेत. मराठी माणसाने ‘व्होट’, ‘व्हॅन’, ‘व्हिटॅमिन’ लिहून एकाला व्ह दिला, ‘वॉर्ड’, ‘वॅगन’, ‘वॉच’ लिहून दुसऱ्याला व. कुणी समिती नेमली नव्हती. घरात असलेल्या ध्वनींत पाहुण्याची सोय लोकांनी आपापली लावली.

अशा सोयीकडे केळकरांचे लक्ष फार लवकर गेले. १९५७ साली, म्हणजे प्रबंध पूर्ण व्हायच्याही आधी, न्यूयॉर्कच्या ‘वर्ड’ या नियतकालिकात त्यांचा लेख आला, मराठी माणसाच्या इंग्रजीवर. परकी भाषा बोलताना माणूस जो हेल घेऊन येतो त्याचा हा अभ्यास होता. आपला माणूस इंग्रजी बोलताना ‘टेबल’मधला ट मराठीइतका वळवतो, ‘थँक यू’तला थ मराठी थ करतो, आणि शिकलेले लोक त्याला हसतात, हे आजही चालते. केळकरांनी त्यावर शास्त्र लावले. मराठीच्या ध्वनींची चौकट माहीत असेल तर मराठी माणूस इंग्रजीचा कोणता ध्वनी कुठे बसवील हे आधीच सांगता येते. ज्याला नियम आहे त्याला नुसती चूक म्हणून सोडून देता येत नाही. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाने, अमेरिकेत बसून, आपल्या लोकांच्या इंग्रजीबद्दल संकोच न धरता हे लिहिले, याचे मोल फार मोठे आहे. खेड्यातून शहरात शिकायला गेलेल्या आणि उच्चारावरून हिणवल्या गेलेल्या प्रत्येक मुलाने तो लेख आपला मानावा.

त्याच नियतकालिकात १९६४मध्ये आला मराठीतल्या बाळबोलीवरचा लेख. मंमं, भूर, हम्मा, बाऊ, भुभू, चिऊ, काऊ. हे शब्द बाळ करते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते मोठी माणसे बाळाशी बोलताना वापरतात, पिढ्यान् पिढ्या तेच वापरतात, आणि त्यांचीही एक व्यवस्था असते. तोंडाला सोपे पडणारे ओठांचे ध्वनी, जोडून आलेली दुहेरी अक्षरे, र-ची ल-कडे आणि ट-ची त-कडे घसरण. पाळण्याजवळच्या या बोलण्याला केळकरांनी शास्त्राचा विषय केले. त्याच वर्षी अमेरिकन भाषावैज्ञानिक चार्ल्स फर्ग्युसन यांनी जगातल्या सहा भाषांतल्या बाळबोलीची तुलना प्रसिद्ध केली. अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची, गिल्याक यांच्या पंगतीत सहावी होती मराठी, आणि तिची सामग्री केळकरांच्या अभ्यासातली. मुलांना भाषा कशी येते या विषयावर आज जगभर जे प्रचंड काम चालते, त्याच्या अगदी आरंभीच्या पानांवर मराठी आयांचा आवाज आहे. ही गोष्ट मराठीत फारशी कुणाला ठाऊक नाही, आणि ती ठाऊक व्हायला हवी.

अमेरिकेतून परतल्यावर केळकरांनी काही वर्षे आग्र्याला हिंदी आणि भाषाविज्ञानाच्या विद्यापीठात शिकवले. १९६२मध्ये ते डेक्कन कॉलेजात आले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. आग्र्याच्या दिवसांचे फळ म्हणजे १९६८चा हिंदी-उर्दूवरचा ग्रंथ. बोलण्यात ज्या भाषा एक आहेत आणि लिपीत, राजकारणात दोन झाल्या, त्यांच्या समाईक रूपाला त्यांनी ‘हिर्दू’ असे नाव दिले. ते लोकांत रुळले नाही, पण कान कुठे होता ते त्यातून दिसते: लोक काय लिहितात याआधी लोक काय बोलतात. प्राणनाथ त्रिसल यांच्याबरोबर त्यांनी काश्मिरीच्या ध्वनिव्यवस्थेचाही प्राथमिक आराखडा १९६४मध्ये मांडला.

नंतरचे केळकर अधिक लोकांना माहीत आहेत, ते समीक्षक, सौंदर्यविचारक, भाषानीतीचे अभ्यासक म्हणून. ‘प्राचीन भारतीय साहित्यमीमांसा’, ‘मराठी भाषेचा आर्थिक संसार’, ‘वैखरी’, ‘मध्यमा’, ‘रुजुवात’. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ध्वनिशास्त्र सोडून ते साहित्याकडे वळले असे काही जण मानतात. ग्रंथांची नावेच पाहावीत. आपल्या परंपरेत वाणीच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. वैखरी म्हणजे तोंडातून निघालेली, कानाला ऐकू येणारी वाणी, मध्यमा तिच्या आतली. केळकरांनी आपल्या लेखसंग्रहांना हीच नावे दिली, आणि आधी आली ती वैखरी, १९८३मध्ये. ‘रुजुवात’ हा तर कचेरीतला शब्द, मूळ कागदाशी नक्कल ताडून पाहण्याचा. कविता असो की सरकारी परिभाषा, केळकर प्रत्येक शब्द मूळ अनुभवाशी ताडून पाहतात. ही सवय उच्चार टिपणाऱ्याची आहे. ‘रुजुवात’ला २०१०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याआधी २००२मध्ये पद्मश्री.

त्यांचे गद्य सोपे नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. वाक्ये घट्ट विणलेली, नवे पारिभाषिक शब्द भरपूर, आणि वाचकाला हात धरून नेण्याची सवय कमी. यामुळे त्यांचे काही विचार जितके पसरायला हवे होते तितके पसरले नाहीत. पण एक परिच्छेद दोनदा वाचला तर तो उलगडतो, आणि उलगडला की विसरता येत नाही. सामान्य वाचकाशी जोडलेले त्यांचे काम पाहायचे तर ‘भाषा आणि जीवन’कडे जावे. १९८२मध्ये मराठी अभ्यास परिषद उभी करणाऱ्यांत केळकर होते. पुढच्याच वर्षी तिचे हे मुखपत्र सुरू झाले आणि सुरुवातीला त्यांनीच त्याचे संपादन केले. भाषेवर, आणि केवळ भाषेवर, मराठीत नियतकालिक चालू शकते हे त्यातून सिद्ध झाले.

२० सप्टेंबर २०१४ रोजी केळकर गेले. त्यांनी जे ऐकायला शिकवले ते मात्र अजून पुरते ऐकून झालेले नाही. ळ-चेच पाहा. वऱ्हाडात डोळ्याचा डोया होतो, खानदेशात काळ्याचा काया, किनाऱ्यावर कोळ्या-आगऱ्यांच्या तोंडी काला. नीरेच्या दक्षिणेला, सातारा-सांगलीच्या मळ्यांत, ळ ठणठणीत आहे. तिथे बदल होतो तो वेगळ्याच अक्षरात. वेळेची ‘येळ’ होते, विहिरीची ‘इहीर’, विस्तवाचा ‘इस्तू’. पुढे इ किंवा ए असला की आधीचा व विरघळतो. पाण्याचे ‘पानी’ होते, पण फळाचे ‘फल’ कधी होत नाही. हे अज्ञान नाही, ही व्यवस्था आहे, आणि तिचा नकाशा काढता येतो. २०१७मध्ये डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून राज्यभरातल्या बोलींचे असे सर्वेक्षण सुरू केले. त्याआधी ब्रिटिश काळातल्या ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड निघाला होता १९०५ साली. मधल्या शंभराहून अधिक वर्षांत किती उच्चार कुणी न टिपता मातीला गेले असतील.

म्हणून वाचकाला दोन विनंत्या. केळकर वाचायला घ्याल तर ‘वैखरी’पासून घ्या, आणि घाई करू नका. दुसरी विनंती शिरवळच्या, खंडाळ्याच्या, कराड-वाळव्याच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांना. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, मोबाइलवर आवाज टिपायला लावा आणि त्यांना पेरणीबद्दल, जात्याबद्दल, नीरेच्या पुराबद्दल विचारा. मध्ये बोलू नका, शुद्ध करून सांगू नका. नंतर ऐकून उतरवून काढाल तेव्हा आजी ‘येळ’ म्हणाली असेल, तर वहीत ‘येळ’ असेच लिहा.